जवळची खूण

अकरा वर्षं कानाला हेडफोन लावून
मी एकच विचारत आलोय: जवळची खूण सांगा.
गटार तुंबलंय. जवळची खूण?
फांदी पडलीय रिक्षावर. जवळची खूण?
मेलेलं कुत्रं, दोन दिवस झाले, वास येतोय...
हो ताई, कळलं. पण जवळची खूण?
लोक सांगतात: पिठाची गिरणी, बंद पडलेलं थिएटर,
भांडुप स्टेशनबाहेरचा चावीवाला.
एक म्हातारे म्हणाले, 'इथे आधी आमचं घर होतं,
त्याच्यासमोर.'
मी तेही टाइप केलं.

सात दिवसांत पडद्यावर सगळं हिरवं व्हावं लागतं.
पाइप खाली गळतच असतो,
वर हिरवं.

पूर्वी आम्ही शिव्या मोजायचो, मी आणि सबिहा.
ज्याला कमी, त्याने भजी आणायची.
मग कधीतरी मोजणं थांबलं.
मला वाटलं, सवय झाली. बरंच झालं.

एकदा ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरलो,
बटण दाबलंच नाही.
बऱ्याच वेळाने दार उघडलं: तोच मजला,
तोच शिपाई, 'साहेब, जायचंय का कुठे?'
आईने बोंबील तळले होते,
त्यांचा कुरकुरीत आवाज ऐकू आला,
चव आली नाही.
सुट्टीच्या दिवशीही पहाटे साडेचारला जाग,
आणि कान वाट बघत असलेले.

ही सगळी तक्रार आहे, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मग जुई पडली. कंपाउंडमध्ये, सायकलवरून.
चार जिने लंगडत आली, गुडघा लाल,
'बाबा, लागलं.'
आणि मी, सोफ्यावर, त्या आवाजात म्हणालो,
'आपली तक्रार नोंदवली आहे.'

ती हसली आधी. खेळ वाटला तिला.
मग माझ्या तोंडाकडे बघून
हसायची थांबली.
विद्याने हळद लावली.
मला काही बोलली नाही, आणि ते
अकरा वर्षांच्या शिव्यांत बसत नव्हतं.

सबिहाने बिस्किटाच्या कागदावर लिहून दिलं:
गुरुवार, सकाळी नऊ, केसपेपर काढायचा.
'माझा भाऊ जातो. लाज वाटली तर मास्क लाव,
तिथे निम्मे लावतात.'
मी लावला.
पालिकेचंच हॉस्पिटल, म्हणजे आमचंच,
आमच्याकडेच तिथल्या नळाच्या तक्रारी येतात.
खिडकीवरच्या माणसाने विचारलं, काय होतंय?
म्हटलं, काही नाही.
त्याने मान वर न करता सांगितलं,
'मनाचं ना? जिन्यामागे.
पाण्याच्या टाकीजवळ.'
न विचारता.

नेर्लेकर मॅडम वयाने लहान, पेनचं टोपण चावलेलं.
पंखा टकटक करत होता (तीन नंबरवर, बेअरिंग गेलंय,
हे मी मनात नोंदवलंसुद्धा).
त्या म्हणाल्या, 'कुठे होतंय?'
मी छातीवर हात ठेवला. मग मानेवर.
मग हात कुठे ठेवावा ते कळेना.

मी कुणाला चार सेकंदांवर ताटकळत ठेवलेलं नाही.
त्या थांबल्या.
बाहेर नंबर पुकारले, कुणाचं पोर रडलं, थांबलं,
त्या थांबल्याच होत्या.

'मुलीच्या गुडघ्याजवळ,' मी म्हणालो.

आणि मग जे आलं ते नळासारखं नव्हतं,
टँकर उलटल्यासारखं होतं,
नाक पुसायला मास्कच होता.

निघताना सवयीने विचारलं, 'किती दिवसांत बंद होईल?'
त्यांनी केसपेपरवर पुढचा गुरुवार लिहिला.
'बघू,' म्हणाल्या. 'आधी झोपेचं बघू.'
असं उत्तर मी दिलं असतं
तर मेमो आला असता.

घरी जुई खपली टोकरत बसलेली.
मी खाली लादीवर बसलो, तिच्या पायाशी.
'अजून दुखतं?'
तिने नीट विचार केला, कुणी नीट विचारल्यावर करतात तसा.
'फक्त जिना चढताना.'

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो.
लिफ्ट नाही.